पाळकाच्या ताटातले तुकडे

सोमवार, ता. ९ सप्टेंबर
सकाळचे साडेदहा

प्रिय साडूभाऊ,

तुम्हाला आणि ताईंना सप्रेम सलाम. आम्ही इकडे खुशाल आहोत. घराचं छप्पर दोन ठिकाणी गळतं, पण ते तुम्ही इथे असतानाही गळायचं, तेव्हा ती काही बातमी नव्हे. वेदीपुढचा तुमच्या हातचा कठडा अजून भक्कम आहे. नव्या सुतारानं व्यासपीठाची पायरी बसवली ती मात्र डुगडुगते. प्रवचनाला चढताना हल्ली माझ्या चेहऱ्यावर जी भीतियुक्त भक्ती दिसते, ती त्या पायरीची कृपा. लोक तिला आध्यात्मिक समजतात. मी खुलासा करत नाही.

खुलासा न करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पायाचा अंगठा कसा आहे? ताईंचं पत्र दोन आठवड्यांपूर्वी आलं. तुमच्या मेहुणीनं ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. अंगठा सुजून टोमॅटो झालाय, डॉक्टरांनी मांस कायमचं बंद केलंय, इथवर ठीक होतं. पुढे ताईंनी लिहिलंय, "जन्मभर खा खा केली, त्याचं हे फळ. यांच्याबरोबर कोणाकडे जेवायला जायचं म्हणजे मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. मी आपली भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायची." माझ्या तोंडात दुधीचा घास होता. दुधीसारखी निरुपद्रवी भाजी घशात अडकू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

साडूभाऊ, तुम्ही ताईंनासुद्धा सांगितलं नाहीत?

वीस वर्षं आपण दोघं घरभेटींना जात होतो. तुमची स्कूटर, मागे मी, माझ्या मांडीवर तुमची हत्यारांची पिशवी, कारण भेटीला गेलेल्या प्रत्येक घरात एक तरी दार घासत असायचंच. मी कुटुंबासाठी प्रार्थना करायचो, तुम्ही दाराला रंधा मारायचात. दोघांपैकी कोणाचा उपयोग अधिक झाला, याची चर्चा नको. मग जेवण. पाळक घरी आला म्हटल्यावर ताटात मांस आलंच. आणि प्रभूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवताना सांगून ठेवलेलं, समोर वाढतील ते खा.

पहिल्या वेळी तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत, एवढंच. मी डोळे मिटून जेवणाची प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी डोळे मिटले. आमेन म्हणून डोळे उघडतो तर माझ्या वाटीतले तुकडे गायब, आणि तुम्ही जगातल्या सर्वांत साध्या माणसासारखे समोर बघत बसलेले. परतताना मला वाटलं, आता विचारतील. चौकात स्कूटर थांबली तेव्हा तुम्ही मान मागे वळवून म्हणालात, "मीठ जरा कमीच होतं." बस्स. त्यावर वीस वर्षांत एक अक्षर नाही.

पुढे आपली पद्धतच बसून गेली. कोंबडी असेल तर छोटी प्रार्थना. हाडांसकट मटण असेल तर मी आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, सरकारसाठीही प्रार्थना करायचो. माझ्या त्या दीर्घ प्रार्थनांची आसपासच्या तीन चर्चच्या मंडळ्यांत ख्याती झाली. एका बाईंनी तर त्या वहीत उतरवून घेण्याची परवानगी मागितली होती. आणि यजमानीण माझ्या वाटीकडे वळली रे वळली, की तुम्ही ताट पुढे सरकवून म्हणायचात, "वहिनी, मला वाढा अजून!" सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे. मी भात आणि काकडी खाऊन सुखरूप घरी.

तुम्ही कारण विचारलं नाहीत, म्हणून आज न विचारता सांगतो.

मी इथे आल्याचं दुसरं वर्ष. आपल्या खाटिकानं नवं दुकान घेतलं आणि मला प्रार्थनेला बोलावलं. मी उत्साही. रात्रभर बसून आभाराची प्रार्थना लिहिली, तीही अशी संस्कृतप्रचुर की माझ्या जुन्या गुरुजींनी पाठ थोपटली असती. दुकानाबाहेर खुंटीला एक बोकड होता, तपकिरी, एका कानाला पांढरा ठिपका. लोक जमेपर्यंत मी त्याच्याजवळ उभा होतो. त्यानं माझ्या हातातला कागद ओढला आणि शांतपणे, एकेक ओळ चावत, सगळा खाल्ला. माझं लेखन इतक्या एकाग्रतेनं कोणी ग्रहण केल्याचं दुसरं उदाहरण नाही. मग त्यानं माझ्या गुडघ्याला कपाळ टेकवलं आणि ते तसंच ठेवलं.

मी आठवेल तशी प्रार्थना केली. आमेन झालं. दुपारी घरी पहिल्या कापणीतला उत्तम वाटा आला, पाळकाचा मान म्हणून. आणणारा माणूस हसत म्हणाला, "साहेब, तुमचा कागद खाणारा तोच बरं का."

मला तो घास घेता आला नाही. नंतर कधीच नाही.

यात धर्मशास्त्र किती आणि पोट किती, मला आजही सांगता यायचं नाही. धर्मशास्त्र नंतर गोळा केलं. माणूस आधी वळतो आणि मग वचनं शोधतो. पहिल्या बागेत माणसाला अन्न म्हणून झाडपालाच दिला होता. मांसाची मोकळीक मिळाली ती जलप्रलय ओसरल्यावर. मोकळीक म्हणजे आज्ञा नव्हे. पण प्रभूनं काठावर मासे भाजून शिष्यांना वाढले, हेही मी झाकत नाही. म्हणून कोणाला सोडा म्हटलं नाही. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला हिणवू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये, यावर मी चार प्रवचनं केली. तुम्ही पहिल्या बाकावर बसून ढेकर दाबत होतात.

मग लपवलं का? भित्रा होतो म्हणून. आपले निवृत्त मुख्याध्यापक पहिल्याच वर्षी मंडळीच्या पंचांच्या बैठकीत म्हणाले होते, "पाळक संस्कृत शिकलेला आहे, जरा लक्ष असू द्या." मी मांस सोडलं असं कळतं, तर ते म्हणाले असते, आज मांस सोडलं, उद्या प्रभूला सोडेल. दोन मुलं लहान, राहतं घर मंडळीचं. शिवाय खाटिकाला काय वाटेल? तो भला माणूस, दर महिन्याला वाटा पाठवायचा. तुमची मेहुणी आणि मुलं खायची. ती समजत होती की मी घरात खात नसलो तरी बाहेर लोकांचं मन राखायला दोन घास घेतो. इतकी वर्षं मी तिलाही तसंच समजू दिलं.

इथवर लिहिलं आणि उठून फिरून आलो. पायरी तपासली. अजून डुगडुगते. आता जे टाळतोय ते लिहितो.

शिंपीणबाईंच्या घरचं ते जेवण तुम्हाला आठवतं, मला माहीत आहे. चौदा वर्षं झाली. मी प्रवाशांपर्यंत पोचलो होतो आणि त्यांची चार वर्षांची मुलगी मध्येच ओरडली, "आई, सुतारकाकांनी पाळककाकांचं खाल्लं!" सगळ्यांचे डोळे उघडले. तुमचा हात माझ्या वाटीत होता. आईनं आधी पोरीला एक लगावली, प्रार्थनेत डोळे उघडले म्हणून.  तुम्ही हात काढून घेतलात आणि माझ्याकडे पाहिलंत. एकदाच.

तेव्हा मी काय केलं? तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणालो, "असू दे, असू दे. भूक लागली असेल त्यांना."

साडूभाऊ, मी तुम्हाला सगळ्यांसमोर क्षमा केली. माझ्या चोरीची.

लोकांनी माझं किती कौतुक केलं म्हणून सांगू! आणि तुमचं नाव पडलं 'दोनताटे'. पुढच्या वर्षी उपासनेत द्राक्षरसाचा प्याला फिरवणारे पंच निवडायचे होते, तुमचं नाव निघालं. मुख्याध्यापक म्हणाले, "ज्याचा हात प्रार्थनेच्या वेळी दुसऱ्याच्या ताटात असतो, त्याच्या हातात प्रभुभोजनाचा प्याला कसा द्यायचा?" खाटीक एकटा तुमच्या बाजूनं भांडला. अध्यक्ष मी. मौनाची थोरवी सांगणारी जेवढी सुभाषितं मला पाठ आहेत, ती सगळी त्या क्षणी माझ्या मदतीला आली. तुम्हाला मी सांगितलं, "मतं थोडक्यात गेली." तुम्ही म्हणालात, "बरंच झालं, बैठकांना झोप येते." आणि दुसऱ्या दिवशी येऊन कठड्याला पॉलिश करून गेलात.

बोकड वाचला नाहीच. मी मांस सोडलं आणि माणूस खाल्ला.

म्हणून काल, उपासनेच्या शेवटी, मी हे सगळं व्यासपीठावरून सांगितलं. बोकडापासून प्याल्यापर्यंत. डुगडुगत्या पायरीवरून जपून खाली उतरलो. मग गायकवृंदातून ती शिंपीणबाईंची मुलगी उठली, आता अठरा वर्षांची आहे. म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलले नव्हते. मग मला मारलं ते कशासाठी?" तिची आई म्हणाली, "डोळे उघडलेस म्हणून मारलं." मुलगी म्हणाली, "आई, सगळ्या घरात माझेच तेवढे उघडे होते!" तिथे हशा फुटला. मी तिची माफी मागितली. तिनं ती जरा विचार करूनच दिली, जे मला योग्य वाटलं.

सगळेच हसले नाहीत. शिंपीणबाई दारात थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही दर वेळी म्हणायचात, तुमच्या हाताला चव आहे. मी लेकीच्या लग्नाचं ठरलं तरी पहिलं तुम्हालाच रांधून घालायचं म्हणत होते."  मी म्हणालो, "चव होती, असं साडू सांगायचे." त्या म्हणाल्या, "त्यांना कळवा मग, मी आभारी आहे म्हणून." तेव्हा कळवतो.

खाटिकाची मला सर्वांत भीती. तो सगळ्यांत मागून आला. म्हणाला, "साहेब, बावीस वर्षं वाटा पाठवला. नको म्हणाला असतात, तर मी तुमच्या घरी वांगी पाठवली असती. मला काय, वांगी स्वस्त." मग म्हणाला, "मला ठाऊक आहे, वरती माझ्या धंद्याला गिऱ्हाईक नाही. तिथे सिंहसुद्धा गवत खाणार म्हणतात. इथे आहे तोवर चालवतो, हात हलका ठेवतो." मी शिकलेला, तो न शिकलेला, पण या विषयावर याहून बरं प्रवचन माझ्या हातून झालेलं नाही.

संध्याकाळी पंच बसले. मी राजीनामा पुढे ठेवला. मुख्याध्यापकांनी तो वाचला, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही याची खात्री केली आणि परत दिला. म्हणाले, "तुम्ही भाजी खा नाहीतर गवत खा. पण त्या माणसाला मी जे बोललो, ते आता कुठे ठेवू?" म्हातारा माणूस, रुमालानं चष्मा पुसत राहिला. पंच नेमायचं तर गावात राहणारा हवा, हा नियम आहे, आणि तुम्ही लेकीकडे राहायला गेलात. ते आता होणं नाही. पण येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्याला तुम्ही फिरवावा, असा ठराव मुख्याध्यापकांनीच मांडला आणि तो एकमतानं झाला.

मी आनंदानं घरी येऊन सांगितलं. तुमची मेहुणी म्हणाली, "त्यांना विचारलंत? आधी त्यांचं नाव परस्पर घालवलंत, आता परस्पर परत देताय." आणि आत निघून गेली. ती माझ्याशी अजून बेताचंच बोलते. तिचं बरोबर आहे.

म्हणून विचारतो. याल का? न आलात तरी माझी तक्रार नाही. तक्रारीचा हक्क कोणाकडे आहे, ते आता सगळ्यांना कळलंय. तुम्ही माझ्यासाठी खाल्लंत, माझ्यासाठी बोलणी खाल्लीत, आणि घरी येऊन बायकोचीही खाल्लीत. एवढं करूनही मला कधी मिंधं वाटू दिलं नाहीत. देवानं मला फार दिलं, साडूभाऊ, पण आभार मानायला बसलो की पहिल्यांदा तुम्हीच आठवता. हे पत्र ताईंना वाचायला द्या. नाही, मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांनी इतकी वर्षं कॅलेंडर वाचलं, ते त्यांच्या नवऱ्याच्या चुकीमुळे नव्हे.

आलात, तर त्या रविवारी मी पाळकाचा झगा घालणार नाही. साध्या सदऱ्यात, सगळ्यांच्या मागे,

तुमच्या हातून प्याला घ्यायला रांगेत शेवटचा उभा असलेला,
तुमचा धाकटा साडू