मधल्या शेतातली विहीर आणि यांची बंदूक

मी, पंचफुला, कै. उत्तमराव सातव यांची पत्नी, वय बासष्ट, राहणार वडनेर भोलजी, जिल्हा बुलढाणा, हा मजकूर स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. मला कोणीही धाक घातलेला नाही. आग्रह मात्र दोघांनी केला आहे, तो पुढे येईल. यांचे नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतले नाही. कायद्यासाठी एकदा घ्यावे लागेल असे मलकापूरच्या वकीलसाहेबांनी सांगितले म्हणून वर घेतले. यापुढे 'हे' असेच लिहीन. वाचणाऱ्या अधिकाऱ्यांनी समजून घ्यावे.

आम्हांला मूलबाळ नाही. जे काही आहे ते यांच्या पश्चात माझ्या नावावर झालेले आहे आणि त्याची व्यवस्था अशी.

कलम पहिले. माझी पुस्तके आणि कशिद्याची लाकडी पेटी गावच्या मुलींच्या शाळेला द्यावी. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांना माझे पूर्ण नाव उच्चारता येत नसे. त्या मला नुसते 'फुला' म्हणत. पेटीच्या झाकणावर आतून तेच कोरले आहे. ते खरवडू नये. मला अजून त्या नावाने कोणीतरी हाक मारावी असे वाटते, आणि मारणारे कोणी उरलेले नाही.

कलम दुसरे. राहते घर यांचे धाकटे भाऊ भगवानराव यांना द्यावे. न्हाणीची मोरी तुंबते, हे त्यांना माहीत आहे.

कलम तिसरे. रेडिओ अब्दुल गनी यांना द्यावा. घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करण्याचे त्यांचे दुकान गावात सगळ्यांना ठाऊक आहे. रेडिओचा डावा कोपरा उडालेला आहे आणि हलवला की आत एक छर्रा वाजतो. अब्दुल गनींनी तो काढला नाही. "बाईसाहेब, त्यो आत हाये म्हनून तं दिल्ली लागते," असे ते म्हणाले. मी विश्वास ठेवलेला नाही, पण दिल्ली लागते खरी.

छर्रा आत कसा गेला ते सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

यांच्याकडे दुनळी बंदूक होती. भगवानरावांचे शेत आणि यांचे चुलतभाऊ पंजाबराव यांचे शेत यांच्या मध्ये आमचे शेत आहे, पण नाल्याच्या अंगाला त्या दोघांचा धुरा, म्हणजे बांध, एकमेकांना लागतो. त्या धुऱ्यावर एक बाभूळ होती. बाभूळ कोणाची, यावरून दोघांत लढाई जुंपली. यांचे प्रेम धाकट्या भावावर. यांनी परवान्यात राखणदार म्हणून भगवानरावांचे नाव घालून घेतले आणि बंदूक त्यांच्या हाती दिली. रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरे यांच्यासाठीच, धुऱ्यावर न्यायची नाही, असे बजावून दिली. काडतुसे मात्र स्वतःच्या कपाटात ठेवली आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात.

"बंदूक त्याची, काडतूस माहं," हे मला म्हणाले. "माह्याशिवाय ती बंदूक नाही, फुंकनी हाये. आता पाहा कसा माह्या शब्दात राह्यते तो."

मी म्हटले, "ऐकणारा माणूस बंदुकीविना ऐकतो. न ऐकणाऱ्याच्या हाती बंदूक दिली की त्याला ऐकायचे कारणच उरत नाही."

"तुले राजकारन समजत नाही," हे म्हणाले, आणि त्यांनी रेडिओ मोठा केला.

भगवानराव दुसऱ्याच दिवशी बंदूक मांडीवर घेऊन धुऱ्यावर बसले. यांनी बोलावून विचारले तेव्हा म्हणाले, "दादा, बंदूक रोह्यांसाठीच हाये. पंजाबराव आडवा आला तं मी काय करू?" बाभूळ तुटली. पंजाबरावांच्या जमिनीत भगवानरावांच्या नांगराचे तीन तास, म्हणजे तीन सऱ्यांची पट्टी, जास्तीचे गेले. पंचायतीत लोक यांना विचारू लागले, कारण बंदूक यांची. मग ज्या गोष्टी यांना मुळीच पसंत नव्हत्या, त्यांची बाजू हेच मान खाली घालून घेऊ लागले. घरी आले की पगडी काढून रेडिओपुढे बसत. मी विचारले, "शब्दात कोण राहिले आहे?" यांनी पुन्हा रेडिओ मोठा केला.

तेवढ्यात पासष्टची लढाई लागली. पाकिस्तानकडे अमेरिकेचे रणगाडे. भारतावर वापरणार नाहीत, असे अमेरिकेने आपल्याला पूर्वी सांगितले होते. रणगाडे तर खेमकरणला आले. मी यांच्याकडे पाहिले. मग अमेरिकेने दोघांचीही रसद बंद केली आणि सप्टेंबरअखेर युद्ध थांबले. हे उठून उभे राहिले.

"पाह्यलं? रसद तोडली का ऐकतेत."

"दमले म्हणून थांबले असतील."

"मी बी भगवानले सांगतो, बंदूक परत आन. अन् आनते का नाही ते पाह्य."

आणली, हे मी शपथेवर लिहिते. भगवानराव आणि माझी धाकटी जाऊ झुंबरबाई संध्याकाळी दोघे मिळून बंदूक घेऊन आले. रेडिओवर बातम्या चालू होत्या. हे इतके खूश झाले की त्यांना मला फुंकणी दाखवायचीच होती. यांनी बंदूक भिंतीकडे धरली, म्हणाले, "पाह्य, रिकामी," आणि घोडा ओढला.

कोनाडा, भिंतीचा पोपडा आणि रेडिओचा कोपरा एकदम गेले. बातम्या देणारा मात्र बोलतच राहिला.

झुंबरबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. ती म्हणाली, "बाई, दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत द्याचं? म्या ह्यायले म्हटलं, एक तरी ठेवा आत."

आमच्याकडची ही रीत. शेजारणीचा डबा परत करताना त्यात काही ना काही घालून द्यायचे, चिमूटभर साखर का होईना. झुंबरने जन्मात रिकामे भांडे परत केलेले नाही. बंदूक तिला त्याच हिशेबातली वाटली.

धूर खाली बसल्यावर यांनी कपाट उघडले. आमची काडतुसे तपकिरी होती आणि जशीच्या तशी होती. बंदुकीतून निघाले ते लाल.

"हे कुठून आनलं बे?"

"बऱ्हानपूरहून," भगवानराव म्हणाले. "तुमी देतच नव्हते. मंग मी काय करू? सासरा हाये माहा तथी."

यांनी लाल काडतूस तळहातावर उलटेपालटे केले. शेवटी म्हणाले, "पन बंदूक तं परत आनली ना त्यानं." यांचा चेहरा पाहवत नव्हता, म्हणून मी पडलेले पोपडे झाडायला घेतले. तेव्हाचे उत्तर इथे लिहून ठेवते: बाभूळ तुटून झाली होती, तीन तास घेऊन झाले होते. काम झाल्यावर बंदूक कोणीही परत करतो. देणाऱ्याचे घेणारा ऐकतो, पण मुळात त्याला करायचे असते तेवढेच. पुढे पाकिस्ताननेही चीनकडून रणगाडे घेतले, ते वाचून हे मला म्हणाले, "त्यायचा बी सासरा निघाला." यांच्यावर माझा राग का टिकत नसे, ते या एका वाक्यात आहे.

कलम चौथे. हे मुख्य. मधले शेत आणि त्यातली विहीर. ती विहीर उन्हाळ्यात आटत नाही, आणि ज्याच्याकडे ती जाईल त्याच्याकडे दुसऱ्याची बागायत गहाण पडेल. हे दोघांनाही कळते. भगवानराव म्हणतात, "वैनी, विहीर मले द्या, तुमी म्हनान तसं करतो." पंजाबराव दर सोमवारी संत्री पाठवून तेच म्हणवतात. मला दिसते ते असे की एकाला विहीर दिली तर वर्षाच्या आत कोणाचे तरी डोके फुटेल, आणि या वेळी मध्ये रेडिओ नसेल.

वकीलसाहेबांनी सुचवले की दोघांना अर्धी अर्धी द्या आणि भांडेल त्याचा हिस्सा रद्द, अशी अट घाला. मी स्वतःही एक युक्ती काढली होती: पाण्याचे इंजिन एकाला आणि ते सुरू करायचे हँडल दुसऱ्याला. दोन दिवस मी तिच्यावर खूश होते. मग लाल काडतूस आठवले. हँडल बऱ्हाणपूरला मिळतेच. आणि वर बसून मी कोणती किल्ली गळ्यात घालणार?

म्हणून शेत, विहीर, इंजिन आणि हँडल, सगळे मिळून, भगवानरावांच्या पत्नी झुंबरबाई आणि पंजाबरावांच्या पत्नी गोजरबाई या दोघींच्या नावे सामाईक करीत आहे. कारण लिहिते. बाभूळ तुटली, पंचायत बसली, दोन्ही घरचे पुरुष एकमेकांकडे पाठ करून जेवू लागले, त्या सगळ्या काळात एक पितळी डबा धुऱ्यावरून जात येत होता. झुंबरने लोणचे पाठवले, गोजरने डब्यात तीळ घालून परत केला, तिळाचा डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून झुंबरने मुगाच्या वड्या घातल्या. डबा मूळचा कोणाचा हे आता दोघींनाही आठवत नाही. रीतच अशी की तो थांबू शकत नाही. अमेरिकेला जे जमले नाही आणि यांना जमले नाही, ते मी या डब्यात पाहिले.

यात कोणतीही अट नाही. त्या दोघीही भांडतील, तर भांडोत. मला फार वाटते की भांडणार नाहीत. वाटणे हे कलम होत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. तरी राहू द्यावे.

पंजाबरावांनी आता संत्री पाठवू नयेत. पाठवायचीच असतील तर गोड पाठवावीत.

कलम पाचवे. बंदूक कोणालाही देऊ नये. माझ्या मागे ती पोलीस ठाण्यात सरकारजमा करावी. नेताना झुंबरबाई सोबत असेलच, कारण ती कोणाला एकटे जाऊ देत नाही. म्हणून तिला इथे कायदेशीर ताकीद देते: झुंबर, ही एक वस्तू मात्र रिकामीच परत द्यायची असते.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. अब्दुल गनी हसले, कडूबा हसले नाहीत. सही दोघांनीही केली.

सही: पंचफुला उत्तमराव सातव
(नाव दुसऱ्यांदा घ्यावे लागले.)

साक्षीदार:
१. अब्दुल गनी रहेमतुल्ला, घड्याळ व रेडिओ दुरुस्ती, वडनेर भोलजी
२. कडूबा तुळशीराम इंगळे, शेती, वडनेर भोलजी

ठिकाण: वडनेर भोलजी
तारीख: ११ नोव्हेंबर १९७०