हळूहळू आडव्या होणाऱ्या खुर्चीची तक्रार

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा कुरकुरतो, तेव्हा तूर्त कागदावरच आडवा झालो आहे असं समजा.) तुमचा रक्तदाब आणि वहिनींची कंबर आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. तुमची बहीण मजेत आहे, निदान तिचं तसं म्हणणं आहे.

बँकेत जन्मभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी निस्तरूनही तुमची हौस फिटली नव्हती, म्हणून आमच्या खुर्चीचं प्रकरण तुमच्या ओटीत टाकलं. ते तुम्ही जिंकलात, अभिनंदन! गुरुवारी कंपनीची माणसं सदोष खुर्ची नेऊन निर्दोष खुर्ची देणार आहेत. पण मधल्या काळात इकडे काय घडलं, ते तुम्हाला कळायला हवं.

खुर्ची ऑनलाइन मागवली, पैसे आधीच भरले. फोटोत पाठ हवी तिथे थांबते. आमच्या खुर्चीचा खटका काही धरत नाही. माणूस ताठ बसतो आणि खुर्ची आवाज न करता मागे झुकायला लागते. नकाशे काढण्यात हयात गेल्यामुळे मी कोनमापक लावून मोजलं. सात मिनिटांत नव्वद अंशांवरून एकशे साठ! आलेखही काढला (शाईत). पण तक्रारीच्या अर्जात कारणं ठरलेलीच, मोडकी, फाटकी, रंग वेगळा. हळूहळू आडवी होणारी वस्तू त्यांच्या हिशेबात कुठेच बसेना. शेवटी ‘वर्णनाप्रमाणे नाही’ वर बोट ठेवलं. मग त्यांनी दोष दाखवणारा व्हिडिओ मागितला.

त्यात बसायला तुमची बहीण तयार झाली. एकतीस वर्षं इस्पितळात रात्रपाळी केलेली ती बाई. निवृत्त झाल्यापासून तिला ना रात्री झोप, ना दिवसा. घरभर फिरते, माझी नाडी बघते आणि ठीक लागली की जराशी निराश होऊन परत जाते. तर ती कॅमेऱ्याकडे करारी नजरेनं बघत बसली. तिसऱ्या मिनिटाला खांदे उतरले, पाचव्याला कपाळावरची आठी गेली. दुपारचं ऊन पडद्यातून तिच्या पावलांवर आलं होतं. दादा, मला वाटलं सगळी खोलीच तिच्याबरोबर आडवी होतेय, कपाट, घड्याळ, मीसुद्धा. ती झोपली होती. व्हिडिओ बंद करायचं मला सुचलं नाही, चाळीस मिनिटांनी फोनच दमून बंद पडला.

मी वेंधळेपणानं तो व्हिडिओ तसाच धाडला. कंपनीचं उत्तर आलं, ‘ग्राहक समाधानी दिसत आहेत. तक्रार नामंजूर.’ त्यावर तुम्ही इरेला पेटलात, बँकेमार्फत वाद घातलात आणि माझ्या आलेखानं कंपनीला नमवलंत. इकडे व्हिडिओच्या दिवसापासून तुमची बहीण रोज दुपारी ‘दोष वाढलाय का बघते’ म्हणून खुर्चीत बसते. मी समोर बसून तिचा श्वास ऐकतो. इतकं सुख मला पेन्शननंही दिलेलं नाही. असो. गुरुवारचं नक्की आहे, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : आभार परत घेतो. ती खुर्ची जाता कामा नये. तक्रार मागे घ्या. मी मागे घेतली तर ती मला घरात ठेवणार नाही, ‘सदोष वस्तूला पैसे मोजायचे नाहीत’ हा तिचा बाणा तुम्ही जाणताच.

ता. क. २ : तिला खरं सांगू नका. आपण झोपतो हे तिला मान्य नाही, ‘नुसते डोळे मिटते’ म्हणते. कळलं तर उद्यापासून डोळे उघडे ठेवून बसेल.

ता. क. ३ : आजवर एकही प्रकरण हरला नाहीत, ठाऊक आहे. बहिणीसाठी एवढं एक हरा.