लहान कबरींची ओळ

तीर्थरूप बाबांना, दुरूनच वाकून नमस्कार.

मी वेळेवर जेवते आणि झोपही लागते, हे आईला आधी सांगा. तिची कंबर कशी आहे? पट्टा लावते की नुसताच कपाटात ठेवलाय?

सध्या नव्या रस्त्याची मोजणी चालू आहे. काल एका ओस पडलेल्या गावात जुनं मुस्लिम कब्रस्तान लागलं. आमच्या नकाशात ते नव्हतंच. कबरी गवतात बुडालेल्या, म्हणून मी आणि ड्रायव्हरचाचा एकेक शोधत फिरलो. आत शिरताना चाचांनी मोठ्याने सलाम केला. मी म्हटलं, "चाचा, इथे आहे कोण ऐकायला?"

"अगं बेटी, सगळं गाव इथेच तर आहे. बाहेर गेले ते थोडे."

भिंतीलगत लहान मुलांच्या कबरींची ओळ होती. एकीभोवतीचं गवत उपटलेलं होतं आणि उशाला नवा दगड होता. गावात माणूस नाही, तरी कुणीतरी येतं. मी तीही मोजली आणि रस्ता भिंतीबाहेरून सुचवला. साहेब कुरकुरले, पण मानतील.

बाबा, मी दवाखान्यात असताना बाळाला तुम्ही एकटेच घेऊन गेलात. पुरलं, एवढंच आई म्हणाली. कुठे, ते मी विचारलं नाही. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं, अजूनही फारसं वाटत नाही. पण जागा पाहायची आहे. सुट्टीत आले की मला तिथे घेऊन चला.

उशाला दगड नसेल तर लावू नका. मी बघून आणेन.

तुमची,
ठमी