टाकीतले झुपकेवाले

५ मार्च

टाकीत बिनबोलावलेले पाहुणे आलेत. मागच्या दगडावर आणि पंपाच्या तोंडाशी बारीक पांढऱ्या नळ्या दिसतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. प्रत्येक नळीच्या टोकाला पिसांचा झुपका. हात नुसता पुढे केला तरी सावलीनेच सगळे आत पळतात.

अप्पा म्हणाले, "छान आहेत की गं, झुपकेवाले!" सासऱ्यांना सगळंच छान वाटतं. दिवसभर टाकीसमोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतात. तेवढीच करमणूक.

मला नाही आवडले. मी आणलेले नाहीत ते.

११ मार्च

वाढलेत. नळीवर नळी. जांभळ्या पोवळ्याला पार वेढा घातलाय. ते दोन दिवस मिटूनच बसलंय.

सात वर्षं सांभाळतेय ही टाकी. आम्हाला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच वर्षी आणली. खारं पाणी, त्याचं तापमान, दिव्यांच्या वेळा — सगळं शिकले. आणि आता फोफावतायत कोण, तर हे.

दातांच्या लॅबमधून, कामावरून, जुनी खरवडणी घरी आणली. दिवसभर लोकांच्या कवळ्या तासायच्या, घरी येऊन किडे तासायचे. नवऱ्याला दाखवायला हाक मारली. आला, पाहिलं, "हं" म्हणाला. हल्ली सगळ्यालाच "हं". ऑफिसात काम फार आहे म्हणे.

१४ मार्च

बाटलीत टाकीचं पाणी घेऊन माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने थेंब टाकून हलवलं. पाणी लालभडक, म्हणजे घाण फार.

"ताई, खाणं जास्त होतंय. उरलेलं पाण्यात विरतं, त्यावरच हे पोसतात. तुम्ही कितीही खरवडा, पोटाला मिळतंय तोवर ते जाणार नाहीत. आधी हात आखडता घ्या."

मी म्हटलं, मी सकाळी एकदाच घालते, तेही चिमूटभर.

"मग दुसरं कोणीतरी घालतंय."

दिवसा आमच्या घरात एकच माणूस असतं.

१५ मार्च

जेवताना सरळच विचारलं. "अप्पा, तुम्ही माशांना खायला घालता का?"

"नाही गं."

मग त्यांनी घास हातातच धरला. समोर नवरा, मान खाली घालून जेवत होता. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे... घातलं असेल. हो. घालतो मी कधी कधी."

आधी नाही, मग हो. म्हातारपण! जास्त खाण्याने पाणी कसं बिघडतं ते त्यांना समजावून सांगितलं. "बरं," म्हणाले.

१९ मार्च

डबीतलं खाणं उतरतच चाललंय. माझ्या चिमटीने एवढं संपणं शक्य नाही.

आज काही बोलले नाही. किती वेळा तेच तेच बोलायचं?

२४ मार्च

नारिंगी मासा गेला. जोडीतला मोठा. सकाळी उठले तर फिल्टरच्या जाळीला चिकटलेला. पंपाच्या आत नळ्याच नळ्या, पाणी फिरायचं थांबलेलं. धाकटा कोपऱ्यात तरंगत होता, एकटाच.

माझा तोल गेला. अप्पा नुकते खुर्चीत येऊन बसले होते. "एवढं साधं सांगितलेलं कळत नाही तुम्हाला? लहान मूल असतं तरी एव्हाना ऐकलं असतं!"

मूल हा शब्द माझ्याच तोंडून निघाला.

अप्पा पेपराची घडी घालत राहिले. कोपऱ्याला कोपरा जुळवून. "चुकलंच," एवढंच म्हणाले. नवरा दारात बुटांच्या नाड्या बांधत होता. म्हटलं, तू तरी सांग ना त्यांना काहीतरी. तो पांढराफटक पडला होता. मला वाटलं माशामुळे. "उशीर होतोय," म्हणाला आणि गेला.

मासा कुंडीत पुरला.

२६ मार्च

अप्पा लेकीकडे गेले. स्वतःच ठरवलं, स्वतःच पिशवी भरली. नणंदेचा फोन आला, "वहिनी, काही झालं का?" म्हटलं, छे गं, तेवढाच बदल त्यांना.

जिना उतरता उतरता थांबून म्हणाले, "त्याला जप." म्हटलं, तो काय लहान आहे? हसले नाहीत.

खुर्ची रिकामी. मला हायसं वाटलं. इथे कोण वाचतंय, लिहून टाकते.

३० मार्च

सुट्टीचा पूर्ण दिवस टाकीत गेला. दगड बाहेर काढून टाकीच्याच पाण्यात, बादलीत, ब्रशने घासले. पंप खोलला. पाणी बदललं. बोटं खरचटली, मिठाने चरचरतायत. आता खाणं एक दिवसाआड.

नवऱ्याने बादल्या उचलून दिल्या. मध्येच म्हणाला, "अप्पांना आणूया का परत?" म्हटलं, आधी पाणी निवळू दे.

९ एप्रिल

झुपके पुन्हा आले. घासलेल्या दगडावरच.

दुकानात पाणी तपासलं. तितकंच लाल. "कमी नाही झालं, ताई," तो म्हणाला. त्याच्याशी वाद घातला. त्याचा काय दोष?

अप्पा तर इथे नाहीत. मी नऊला निघते, नवरा त्याच्याही आधी. घराला कुलूप. मग घालतंय कोण?

आणि अप्पा घालत नव्हते, तर हो का म्हणाले?

११ एप्रिल

लॅबमधली भट्टी बंद पडली. मालकांनी दुपारीच घरी सोडलं. कुलूप काढायला गेले तर कुलूपच नाही, दार आतून बंद. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने नवऱ्याने उघडलं. अंगात घरचे कपडे. दाढी वाढलेली. आज सकाळी हा असा होता? मी पाहिलंच नव्हतं.

म्हटलं, बरं नाही का?

तो अप्पांच्या खुर्चीत जाऊन बसला. टाकीवर खाण्याची डबी उघडीच होती.

"जानेवारीतच काढलं मला," टाकीकडे बघत म्हणाला. "सकाळी निघतो. तू गेलीस की परत येतो."

रोज इस्त्रीचा शर्ट. रोज डबा. मी भरून दिलेला.

"इतके दिवस? आणि मला एका शब्दाने..."

"उद्या सांगू, उद्या सांगू, म्हणत राहिलो." मग म्हणाला, "समोर बसलं की ते काचेशी येतात. मी आलो म्हणून येतात असं वाटायचं. काहीतरी द्यावंसं वाटायचं. मासा माझ्यामुळे मेला."

मला ओरडायचं होतं. खूप. पण त्याचे हात मांडीवर पडले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मी डबीचं झाकण लावलं आणि खाली फरशीवर बसले. धाकटा मासा काचेशी आला. कोणीच काही दिलं नाही.

१२ एप्रिल

अप्पांना फोन केला. म्हटलं, सगळं कळलं मला. तुम्ही का हो म्हणालात?

म्हणाले, "तू मला बोललीस, तर मला जायला लेकीचं घर आहे. तो कुठे गेला असता?"