बादशहामागचा चवरीवाला

वॉटफर्ड, १२ मार्च २०२६

प्रिय पुष्करदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. गुडघा काय म्हणतो? इथे सगळे मजेत. माझं ब्लड प्रेशर तेवढं कालपासून चढलंय.

दादा, बाबा दिसले! चालतेबोलते, चाळिशीतले! बाबांनी काम केलेल्या त्या मुघल दरबाराच्या टीव्ही कॉमेडीच्या सगळ्या टेप टीव्हीवाल्यांनी पुसून टाकल्या, असंच आपण धरून चाललो होतो ना? शेवटच्या, सहाव्या भागाची टेप एका निवृत्त तंत्रज्ञाच्या गॅरेजमध्ये सापडली. काल लंडनला ती दाखवली. नातीला, सियाला, घेऊन गेले होते.

तोंडाला तपकिरी रंग फासलेला गोरा बादशहा, आणि मागे चवरी ढाळणारे बाबा. दरबारात तेवढे एकच खरे हिंदुस्थानी. पहिला भाग बघून तू “माझा बाप गोऱ्यांपुढे माकड झाला” म्हणालास आणि सतराव्या वर्षी इल्फर्डला मित्राकडे निघून गेलास. तिथूनच पुढे नागपूर गाठलंस.

या भागात बाबांना बादशहाच्या नावाने ललकारी द्यायची होती. “तुझ्या भाषेत काहीही बोल, कोणाला कळतंय!” असं दिग्दर्शक नेहमी सांगायचा. बाबांनी छाती पुढे काढली, थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि खड्या आवाजात ओरडले, “पुष्करराव होऽ! पोटासाठी उभे आहोत! लाज वाटत असेल तर वाटो! पण रविवारी घरी जेवायला या होऽ!”

बादशहा दचकला. तेव्हाचे प्रेक्षक हसले, कालचेही हसले. अख्ख्या ब्रिटनसमोर एक बाप रुसलेल्या मुलाची समजूत घालत होता आणि कोणाला पत्ताच नव्हता! दिवसभर पोस्टात पत्रं लावणाऱ्या, साहेबासमोर मान खाली घालणाऱ्या आपल्या बाबांना एवढी छाती झाली तरी कशी?

सियाने बाही ओढली. “आजी, पुष्कर म्हणजे इंडियावाला आजोबा? मग तो आली का, संडेला?”

हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं लिहितेय. तसं नाही रे. १९७४ सालीही मी ते बाबांच्या शेजारी बसून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तुला फोन करायला लावला. तू म्हणालास, “मी नाही बघितलं, बघणारही नाही. पुन्हा नाव काढलंस तर तुझ्याशीही बोलणार नाही.” फोन ठेवला तर बाबा दारातच. “बघितलं त्याने?”

त्यांचा चेहरा बघून मी म्हणाले, “हो. खूप हसला.”

रविवारी चार वाजेपर्यंत घरात कोणी जेवलं नाही. त्यानंतर बाबांनी तुला कधी बोलावलं नाही. तुला वाटलं, बापाने टाकलं. त्यांना वाटलं, पोराने ऐकूनही पाठ फिरवली. तसंच समजून ते वारले, दादा. मी अकरा वर्षांची होते, घाबरले होते. पण पुढची सगळी वर्षं मी अकराची नव्हते.

तो तुकडा सियाने वहिनीच्या फोनवर पाठवलाय. एकटा बसून बघ. मग मला फोन करून हवं ते बोल, किंवा बोलूच नकोस.

तुला बोलावलं होतं, दादा.

तुझी,
मीनल