पहिला घास

निरगुडसर, मंगळवार, फेब्रुवारी २००३

आज टीव्हीवर गोरी माणसं कातडी पांघरून आदिमानवासारखी राहत होती. पुरुष शिकारीला गेले आणि हात हलवत परत आले. बायकांनी दिवसभर उकरून कंद आणले, भाजले, आणि पहिला घास त्यांनीच खाल्ला. पहिला घास! मी दिवसभर कांदा खुरपून आलेली, ह्यांचं ताट हातात घेऊन बघतच राहिले.

हे म्हणाले, "गड्यांच्या आधी बाया खात्यात! रानटीच की!"

सासूबाई हसल्या. मीसुद्धा हसले. का हसले?

सगळ्यांचं उरकल्यावर चुलीपाशी भाकरी घेऊन बसले. भाजी संपलेली. पहिला घास तोंडात घालते तोच ह्यांची हाक, "अगं ये की, जाहिराती संपल्या. रानटी माणसं लागली!"

उठले नाही. रानटी माणसं बघायला मला टीव्ही कशाला हवा?