दिवसा झोपणारं घर

सख्यांनो,

मोठ्या हसण्यावरून तुम्ही नाव ठेवलेला तुमचा भोंगा सासरी सुखरूप आहे, फक्त दिवसा आवाज बंद ठेवावा लागतो. नवरा आणि सासरे रात्रभर आमच्या बेकरीत पाव भाजतात आणि दिवसा झोपतात, म्हणून सासूबाई नि मी खुणांनी बोलतो. त्या खुणांनीच शेजारणीची अशी नक्कल करतात, की माझं हसू फुटतंच.

परवा नवरा म्हणाला, "जरा हळू हस ना, बाबांची झोपमोड होते." खरं सांगते, वाईट वाटलं. काल दिवसभर तोंडाला कुलूप लावलं. आपल्या हॉस्टेलच्या खोलीत आता कोण खिदळतं, हेच सारखं मनात.

संध्याकाळी सासरे डोळे चोळत आले आणि सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला बरं नाही का? घर इतकं गप्प होतं, मला झोपच लागली नाही."

पुन्हा वाजू लागलेला,
तुमचा भोंगा